हॉवर्ड वेब यांचे वादग्रस्त निर्णय : पार्श्वभूमी

इंग्लंडचे फुटबॉल पंच हॉवर्ड वेब यांचं नाव निघालं की बहुतेकांना एकच क्षण आठवतो. 11 जुलै 2010, जोहान्सबर्गचं सॉकर सिटी मैदान, नेदरलँड्स-स्पेन विश्वचषक फायनल, डच नायजेल डी यॉन्गचा बूट स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर, आणि वेब यांच्या हातात पिवळं कार्ड. आपल्याकडे हा सामना मध्यरात्री बाराला सुरू झाला होता, तरी तो जागून पाहिलेल्यांना ते कार्ड अजून खटकतं. पण वेब यांची कारकीर्द त्या एका कार्डावरून जोखली तर पंचाच्या चुका नेमक्या कशा घडतात, हे कळत नाही. त्यासाठी दोन वर्षं मागे जावं लागतं.

वेब यॉर्कशरमधल्या रॉदरहॅमचे, जन्म 1971 चा. वडीलही पंच होते. स्वतः वेब साउथ यॉर्कशर पोलिसांत सार्जंट होते. 2003 मध्ये ते इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे पंच झाले आणि 2005 मध्ये फिफाच्या आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीत आले. डॅरन कॅन आणि माइक मलार्की हे दोघे साहाय्यक पंच त्यांच्यासोबत मोठ्या स्पर्धांना जात. तेव्हा पंचांची निवड अशी त्रिकूट म्हणून होत असे, त्यामुळे एकाच्या झेंड्याची चूक तिघांनाही भोवत असे.

12 जून 2008 ला व्हिएन्नात, युरो स्पर्धेत, नेमकं तेच झालं. ऑस्ट्रिया विरुद्ध पोलंड सामन्यात रॉजर गेरेरोने तिसाव्या मिनिटाला पोलंडला आघाडी मिळवून दिली. तो ऑफसाइड, म्हणजे बचावपटूंच्या पुढे नियमबाह्य जागी होता, पण साहाय्यक पंचाचा झेंडा वर गेला नाही. मग भरपाई वेळेत, 93 व्या मिनिटाला, ऑस्ट्रियाची फ्री किक पेनल्टी क्षेत्रात येत असताना मारिउश लेवांडोव्स्कीने सेबास्टियन प्रॉडलचा शर्ट ओढला. वेब यांनी पेनल्टी दिली, इविका वास्तिचने ती मारली आणि सामना 1-1 असा सुटला. पोलंडमध्ये संतापाची लाट उसळली. पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनीही राग जाहीरपणे बोलून दाखवला आणि वेब यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

नियमाने पाहिलं तर ती पेनल्टी बरोबर होती. फ्री किक मारण्याआधी खेळाडू एकमेकांना धरत असतील तर पंच किक थांबवून समज देऊ शकतो. बॉल अजून खेळात आलेला नसतो, त्यामुळे तेव्हा पेनल्टी देताच येत नाही. बॉलला पाय लागल्यानंतर बचावपटूने आपल्या पेनल्टी क्षेत्रात शर्ट धरून ठेवला, तर मात्र ती पेनल्टीच. एरवी अशा ओढाताणीकडे पंच सर्रास काणाडोळा करतात, म्हणून हा निर्णय पोलंडला अन्यायाचा वाटला. खरी चूक पहिल्या गोलची होती आणि ती पोलंडच्याच पथ्यावर पडली होती. वेब यांच्या चमूला त्या स्पर्धेत त्यानंतर ग्रीस-स्पेन हा एकच सामना मिळाला.

25 एप्रिल 2009 चा, मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरचा निर्णय मात्र सरळ चुकला. टॉटनहॅम 2-0 ने पुढे असताना त्यांचा गोलकीपर गोमेश मायकल कॅरिकच्या पायाशी झेपावला. त्याचा हात आधी बॉलला लागला, टक्कर नंतर झाली. वेब यांनी पेनल्टी दिली, रोनाल्डोने गोल केला आणि मँचेस्टर युनायटेडने सामना 5-2 असा जिंकला. वेब यांनी पुढे ही चूक मान्य केली. अशा झेपेत बॉलची दिशा किंचित बदलते, आणि आधी कोणाचा स्पर्श झाला हे ओळखायची तीच एक खूण असते. ती दिसायला पंच बाजूला, कोनात उभा हवा. मागून पळत येणाऱ्याला फक्त पडणारा खेळाडू दिसतो.

तरीही 2010 मध्ये चॅम्पियन्स लीगची आणि विश्वचषकाची, दोन्ही फायनल त्यांच्याकडे आल्या. एकाच वर्षात हा मान मिळालेले ते पहिलेच पंच.

जोहान्सबर्गला पहिल्या 28 मिनिटांतच पाच पिवळी कार्डं निघाली : व्हॅन पर्सी, पुयोल, व्हॅन बोमेल, रामोस आणि डी यॉन्ग. डी यॉन्गच्या वेळी मध्ये आलेल्या खेळाडूमुळे आपल्याला नीट दिसलं नाही आणि ते लाल कार्डच होतं, असं वेब यांनी नंतर सांगितलं. फाउलविषयीचा बारावा नियम इथे स्पष्ट आहे : प्रतिस्पर्ध्याच्या सुरक्षिततेला धोका पोचेल असा टॅकल असेल, तर थेट लाल कार्ड. पण छातीवर लागलेले बुटाचे स्टड दिसलेच नाहीत, तर पंच अंदाजाने लाल कार्ड काढू शकत नाही, आणि तेव्हा व्हिडिओचा आधार नव्हता. आमच्या मते व्हॅन बोमेलने मागून इनिएस्तावर केलेला टॅकलही पिवळ्या कार्डावर भागवण्याजोगा नव्हता. तिथेच लाल निघालं असतं, तर पुढचा दांडगावा बराच आवरला असता. सामना संपला तेव्हा 14 पिवळी कार्डं झाली होती, नऊ नेदरलँड्सची आणि पाच स्पेनची. नेदरलँड्सच्या हायटिंगाला 109 व्या मिनिटाला दुसरं पिवळं, म्हणून लाल. विश्वचषक फायनलमधला त्याआधीचा विक्रम 1986 चा, सहा कार्डांचा होता.

डच लोकांचा राग मात्र वेगळ्याच दोन गोष्टींवर आहे, आणि त्यांची बाजू ऐकण्यासारखी आहे. 83 व्या मिनिटाला त्यांचा रॉबेन एकटा गोलकडे धावत असताना स्पेनच्या पुयोलने त्याला धरलं. रॉबेन पडला नाही, वेब यांनी ॲडव्हान्टेज दिला, म्हणजे फाउल न देता खेळ चालू ठेवला, आणि स्पेनचा गोलकीपर कासियासने बॉल ताब्यात घेतला. फायदा प्रत्यक्षात आला नाही, तर पंचाला काही सेकंदांत मूळ फाउलकडे परत येता येतं. वेब आले नाहीत. पुयोलला आधीच एक कार्ड मिळालं होतं, म्हणजे शिट्टी वाजली असती तर तो बाहेर गेला असता. उलट हुज्जत घातली म्हणून रॉबेनलाच कार्ड मिळालं.

दुसरी गोष्ट डच खेळाडू स्नायडरच्या फ्री किकची. जादा वेळेत बॉल स्पेनच्या खेळाडूंच्या भिंतीला घासून बाहेर गेला. कॉर्नर हवा होता, मिळाली गोलकिक. थोड्याच वेळात, 116 व्या मिनिटाला, स्पेनच्या इनिएस्ताचा गोल झाला. घासलेल्या बॉलची दिशा जेमतेम बदलते, आणि त्याच क्षणी पंचाचं लक्ष भिंतीतल्या हातांवर, धक्काबुक्कीवर आणि उडालेल्या बॉलवर एकदम असतं. म्हणून ही चूक पंचांकडून वारंवार होते. कॉर्नरचा निर्णय तपासायला त्या विश्वचषकात काहीच सोय नव्हती. बॉल गोलरेषेपार गेला का हे सांगणाऱ्या गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता 2012 मध्ये मिळाली, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचाला मदत करण्याची सोय, नियमांत आली 2018 मध्ये.

2014 च्या विश्वचषकात ब्राझील-चिली सामन्यात हल्कने दंडाने बॉल आवरून केलेला गोल वेब यांनी यजमानांच्या मैदानात नाकारला. त्याच ऑगस्टमध्ये ते निवृत्त झाले. पुढे सौदी अरेबिया आणि अमेरिकेतल्या पंचव्यवस्थेत काम करून 2022 च्या अखेरीस ते इंग्लंडच्या व्यावसायिक पंचांच्या संस्थेचे प्रमुख झाले.

30 सप्टेंबर 2023 ला, टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात, लुइस दियाझचा वैध गोल ऑफसाइड ठरवला गेला. व्हीएआर खोलीतल्या पंचाने चित्र बरोबर वाचलं, पण मैदानावर गोल दिलेला आहे असं समजून ‘तपासणी पूर्ण’ एवढंच कळवलं. खेळ पुन्हा सुरू झाला, आणि एकदा तो सुरू झाला की नियमाप्रमाणे असा निर्णय फिरवता येत नाही. वेब यांच्या संस्थेने चूक कबूल केली आणि तीन दिवसांनी त्या खोलीतलं सगळं संभाषण जाहीर केलं.