रुळातून येणारा वेगाचा हुकूम

पिवळा सिग्नल म्हणजे ‘गाडी हळू’, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण हळू म्हणजे ताशी किती? भारतीय रेल्वेच्या खांबावरचा पिवळा दिवा तो आकडा सांगत नाही. पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने या, इतकंच तो सांगतो. वेग किती आणि कुठून उतरवायचा, हे चालकाने उतार, भार आणि ब्रेक पाहून ठरवायचं.

अमेरिकेत न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावर मात्र वेगाचा हुकूम थेट केबिनमध्ये येतो. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९२०च्या दशकात आणलेली ही पद्धत फार देखणी आहे. ब्लॉकच्या, म्हणजे दोन सिग्नलांमधल्या रुळाच्या तुकड्याच्या, पुढच्या टोकाकडून रुळांत १०० हर्ट्झचा प्रवाह सोडतात, तोही तोडून तोडून. मिनिटाला १८० ठोके म्हणजे मार्ग मोकळा, १२० म्हणजे ताशी ४५ मैल, ७५ म्हणजे ३० मैल. पहिल्या चाकाच्या पुढे, रुळाच्या किंचित वर टांगलेली कॉइल हे ठोके टिपते. सलग प्रवाह चालला नसता, कारण इंजिनाला वीज पुरवून रुळांतून परतणारा प्रवाहही कॉइलला फसवू शकला असता. ठरावीक लयीची नक्कल सहज होत नाही. खरी हुशारी शून्यात आहे. पुढे दुसरी गाडी असेल तर तिची चाकं-आस दोन्ही रूळ जोडतात आणि प्रवाह तिथूनच परततो. रूळ तुटला, वायर निसटली, तरी ठोके थांबतात. ठोके नाहीत म्हणजे सर्वांत कडक हुकूम: २० मैलांच्या आत, समोर नजर ठेवून.

हुकूम कडक झाला की केबिनमध्ये शिट्टी वाजते. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधल्या चेसजवळ तीन मालवाहू इंजिनं थांबा-सिग्नल ओलांडून अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीच्या गाडीच्या वाटेत शिरली. १६ जण गेले. शिट्टीवर चिकटपट्टी लावलेली होती, आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा त्या इंजिनांवर नव्हतीच.

‘कवच’ (भारतीय रेल्वेची आपोआप ब्रेक लावणारी सुरक्षा यंत्रणा) बसलं की अपघात संपले, असे मथळे म्हणूनच खटकतात. कोणतीही यंत्रणा तिला सांगितलेलाच धोका ओळखते. १२ मे २०१५ला फिलाडेल्फियात ताशी ५० मैलांची मर्यादा असलेल्या वळणावर उत्तरेकडे जाणारी गाडी १०६ने गेली, आठ जण मेले. रूळ मोकळे, कोडही (ठोक्यांची लय) मोकळ्या मार्गाचा. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी वळणाआधी वेग उतरवणारा कोड होता, कारण त्या ११० मैलांनी येत. उत्तरेकडे जाणाऱ्यांची वळणाआधीची मर्यादा ८०. गाडी उलटायला ९८ लागतात, म्हणून तिथे गरज नाही असं धरलं गेलं. हिशेब बरोबर होता, पण चालक ८०च पाळेल या गृहीतावर. वाहतूक पुन्हा सुरू होण्याआधी तोही कोड बसवला गेला.