१:४० म्हणजे फ्लूपासून अभय नव्हे

पावसाळा लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुना सल्ला फिरू लागतो: रक्तातल्या अँटिबॉडी तपासा, १:४० आल्या की यंदा फ्लू नाही. आकडा खरा, अर्थ चुकीचा.

ही चाचणी १९४१ची, जॉर्ज हर्स्ट यांची. फ्लूचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवतो. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ द्रवात) अँटिबॉडी असल्या तर ते थांबतं. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत कुठवर थांबतं ते बघायचं. १:४० म्हणजे चाळीसपट पातळ करूनही ते थांबतं. तेवढ्याला संसर्गाचा धोका साधारण निम्मा होतो, तोही सरासरीत आणि त्याच जातीच्या विषाणूपुरता. तुमच्या-माझ्या नावाची हमी त्यात नाही.

त्यात अलीकडचे एच३एन२ (फ्लूचा एक प्रकार) विषाणू कोंबडीच्या पेशींना नीट चिकटतच नाहीत! म्हणून गिनीपिगच्या किंवा टर्कीच्या पेशी घेतात, सीरममधले इतर अडथळे आधी एन्झाइमने काढतात, किंवा जिवंत पेशींना होणारा संसर्गच अँटिबॉडी रोखतात का ते पाहतात. तरी दोन लॅबचे आकडे सहज वेगळे येतात. ते जुळावेत म्हणून सगळ्यांना एकच प्रमाणित सीरम वापरायला देतात.

आणि ताप चढलेला असताना तर ही तपासणी फुकटच. अँटिबॉडी वाढायला १०-१४ दिवस लागतात. तेव्हा उपयोगी पडतो तो नाका-घशातला स्वॅब.