वाढपी तरबेज, पण अपुरे

दोन-तीन महिन्यांचं बाळ. दूध पिता पिता दमतं, अंग पांढरंफटक. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन फारच कमी. चक्रावून टाकणारी गोष्ट ही, की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स बहुतेक वेळा ठीक असतात. अस्थिमज्जेत तांबड्या पेशीच तेवढ्या तयार होत नाहीत. लोह द्या, जीवनसत्त्वं द्या, फरक शून्य. अमेरिकेत बॉस्टनच्या लुई डायमंड आणि केनेथ ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी १९३८ मध्ये अशी चार बाळं नोंदवली. आजाराला नाव त्यांचंच मिळालं. कारण सापडायला मात्र १९९९ साल उजाडलं, आणि ते सापडलं भलत्याच ठिकाणी: रायबोसोममध्ये.

रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र. चार आरएनए आणि सुमारे ८० प्रथिनं यांची जुळणी, एक लहान तुकडा आणि एक मोठा. जनुकाकडून आलेल्या आरएनए संदेशातली अक्षरं तीन-तीन करून वाचायची आणि प्रत्येक त्रिकुटामागे एक अमिनो आम्ल साखळीत जोडायचं, हे त्याचं काम. या बाळांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात बिघडलेलं असतं आरपीएस१९ हे जनुक, म्हणजे लहान तुकड्यातल्या एका प्रथिनाची कृती.

पण रायबोसोम तर मेंदूतही आहेत, यकृतातही. मग मार रक्तालाच का?

यंत्रात बिघाड म्हणजे माल सदोष, असं आपल्याला सहज वाटतं. जिवाणूंमध्ये तसे चुका करणारे रायबोसोम माहीतही आहेत. इथे प्रकार वेगळा आहे. आरपीएस१९ च्या दोन प्रतींपैकी एक शाबूत असते. त्यामुळे सुटा भाग मिळतो, पण अपुरा. आणि तो नसेल तर लहान तुकड्याची जुळणीच पुरी होत नाही. जे रायबोसोम पुरे होतात ते व्यवस्थित असतात. फक्त संख्येनं कमी. पंगतीत वाढपी तरबेज आहेत, पण निम्मेच आलेत, असं समजा.

आणि सगळ्यांत मोठी पंगत अस्थिमज्जेत बसते. प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार होतात, आणि एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू भरावे लागतात. शिवाय मुदत ठरलेली: पक्व तांबड्या पेशीत ना केंद्रक उरतं, ना रायबोसोम. जे बनवायचं ते आधीच.

तरी नुसत्या कामाच्या बोजानं उलगडा पुरा होत नाही. २०१२ मध्ये याच आजाराची काही मुलं अशी सापडली, की त्यांच्यात बिघाड रायबोसोमच्या जनुकात नव्हताच. तो गाटा१ मध्ये होता. गाटा१ हे तांबड्या पेशी घडवणाऱ्या जनुकांना चालू करणारं प्रथिन. मग २०१८ मध्ये दुवा जुळला. रायबोसोम घटले की सगळ्याच संदेशांना सारखी झळ बसत नाही. गाटा१ च्या संदेशावर एकापाठोपाठ एक भराभर रायबोसोम चढावे लागतात, म्हणून तुटवड्यात तो जास्त मार खातो. त्यात भर म्हणजे जुळणीत न लागलेली सुटी प्रथिनं पी५३ या पहारेकऱ्याला आवरणाऱ्या रेणूला धरून ठेवतात. पी५३ मोकाट सुटतं आणि पेशीची वाढ थांबवतं, कधी तिला मारूनच टाकतं.

उपचार आहेत: स्टेरॉइड, वारंवार रक्त देणं (मग साठणारं लोह काढण्याची औषधंही आली), किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण.

हा तुटवडा जन्मजातच असतो असंही नाही. काही वयस्कर माणसांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी पाचव्या गुणसूत्राचा एक भाग गमावून बसतात आणि तसाच रक्तक्षय सुरू होतो. त्या हरवलेल्या भागात आरपीएस१४ हे रायबोसोमचंच जनुक असतं, हे २००८ मध्ये कळलं. या रुग्णांना लागू पडणारं लेनालिडोमाइड हे औषध अमेरिकेत त्याआधीच, २००५ मध्ये, मंजूर झालेलं होतं.