जुने ईमेल ठेवायचे की उडवायचे?

स्टोरेज स्वस्त झालं तशी बऱ्याच कंपन्यांना सवयच लागली की काही उडवायचं नाही, कधीतरी लागेल म्हणून राहू दे. कधीच सोडून गेलेल्या माणसाचा मेलबॉक्स, जुन्या ग्राहकांची एक्सेल, तिच्या तीन कॉप्या आणि त्यातली एक कुणाच्यातरी पेनड्राइव्हमध्ये. आयटीवाल्याला विचारा, तो म्हणणार बॅकअप आहे ना, मग टेन्शन कशाला. पण हॅकर घुसला तर जे पडलंय तेच उचलणार, आणि कोर्टानं मागितलं तर तेही जे पडलंय त्यातूनच शोधून द्यावं लागणार.

अमेरिकेत दिवाणी दावा लागला की दोन्ही बाजूंना एकमेकांकडची दाव्याशी संबंधित कागदपत्रं मागता येतात, आणि डिसेंबर २००६ पासून तिथल्या फेडरल कोर्टांच्या नियमांत इलेक्ट्रॉनिक माहितीचा स्पष्ट उल्लेखच आला. यालाच ई-डिस्कव्हरी म्हणतात.

मग सगळं उडवून टाकलं की प्रश्न मिटला? तिथेच तर लोक फसतात. यूबीएस वॉरबर्ग या बँकेवर तिथेच काम केलेल्या लॉरा झुबुलेक यांनी भेदभावाचा दावा लावला होता, ईमेल जपून ठेवा असं बँकेच्या वकिलांनी सांगूनही बँकेतल्याच काही जणांनी ते डिलीट केले, त्यातले काही बॅकअप टेपवर सापडले आणि काही गेले ते गेलेच. २००४ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ठरवलं की जे गेले ते बँकेच्या विरोधातलेच असतील असं ज्यूरीला धरून चालता येईल, आणि २००५ मध्ये ज्यूरीनं बँकेला सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर द्यायला सांगितले. दावा होणार अशी कुणकुण लागली की नेहमीची साफसफाई थांबवायची, याला लीगल होल्ड म्हणतात. त्याआधी ठरलेल्या नियमानं जुना डेटा काढला तर सहसा काही बिघडत नाही, नंतर काढला तर तो पुरावा नष्ट करणं ठरू शकतं.

आणि डिलीट होतं म्हणजे तरी काय हो? साध्या हार्डडिस्कवर फाइल उडवली की फक्त तिची नोंद जाते आणि ती जागा रिकामी धरली जाते, आतला मजकूर दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत तसाच पडून असतो. चिपवर डेटा ठेवणाऱ्या एसएसडीमध्ये ट्रिम नावाची कमांड चालू असेल तर अशा रिकाम्या धरलेल्या जागा आतून साफ होतात, त्यामुळे परत मिळायची शक्यता बरीच कमी. पण ईमेलचं दुखणं वेगळंच, तुम्ही तुमच्याकडून उडवला तरी तो समोरच्याच्या इनबॉक्समध्ये, सर्व्हरवर, फोनमध्ये, बॅकअपमध्ये असू शकतो.

बरं, सगळं ठेवलं तर सर्च करून सापडेलच ना? डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी १९८५ मध्ये यावरचा अभ्यास छापला, एका रेल्वे अपघाताच्या दाव्यातली सुमारे ४०,००० कागदपत्रं घेऊन. वकिलांना वाटत होतं की कामाची निदान ७५ टक्के कागदं हाती लागली, प्रत्यक्षात लागली होती साधारण २० टक्के! कारण वकील शोधत होते 'अपघात', आणि ज्यांच्यावर दावा होता ती मंडळी त्याला कधी 'घटना' म्हणायची, कधी 'अडचण', आणि कुणी तर थेट नाव न घेता 'तुमच्या मागच्या पत्रातला विषय' असं लिहून मोकळं. आता मशीन लर्निंगनं यातलं बरंच काम होतं, २०१२ मध्ये न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी त्याला मान्यताही दिली, तरी ढीग जेवढा मोठा तेवढा खर्च वाढतोच.

म्हणून कुठला डेटा किती वर्षं ठेवायचा हे आधीच ठरवून लिहून काढायचं, आणि त्या यादीत बॅकअप टेप न् चॅट ॲपही धरायचे, नेमके तेच राहून जातात. माझ्या मते खरी गोची होल्ड उठवताना होते, दावा मिटला तरी हे काम नक्की कुणाचं ते लीगलवाल्यांनाही माहीत नसतं आणि आयटीलाही, मग तात्पुरता म्हणून थांबवलेला डेटा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.