हरणांचा माज पौर्णिमा ठरवत नाही

शरद संपातानंतरची (सप्टेंबरअखेर दिवस-रात्र समान होतात त्या दिवसानंतरची) दुसरी पौर्णिमा आली की पांढऱ्या शेपटीची हरणं माजावर येतात, असं उत्तर अमेरिकेतले अनेक शिकारी मानतात. पण पौर्णिमा दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते (किंवा सुमारे १९ दिवस पुढे उडी मारते). तिथल्या उत्तरेकडच्या भागात माज मात्र नोव्हेंबरच्या मध्यालाच शिगेला पोहोचतो. शिकार झालेल्या माद्यांच्या पोटातला गर्भ मोजून गर्भधारणेचा दिवस काढतात. तो तारखेला धरून निघतो, तिथीला नाही. खरी किल्ली दिवसाच्या लांबीत: रात्र वाढली की मेलाटोनिन हे संप्रेरक जास्त वेळ स्रवतं आणि प्रजननाची संप्रेरकं जागी होतात. गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा, त्यामुळे पाडसं कोवळ्या चाऱ्याच्या दिवसांत जन्मतात. ‘यंदा माज उशिरा’ वाटतो तो बहुधा उकाड्यामुळे. नर दिवसा कमी हिंडतात, इतकंच. प्रवाळांची गोष्ट वेगळी, त्यांच्या बऱ्याच जाती खरोखर पौर्णिमेनंतरच्या रात्री अंडी सोडतात.