नैसर्गिक संसाधनांचा महसूल आणि स्थानिक वित्तव्यवस्था

नैसर्गिक संसाधनांचा महसूल आणि स्थानिक वित्तव्यवस्था : खनिजे, तेल, वायू, वाळू, दगड यांच्या उत्खननातून शासनाला उत्पन्न मिळते. ज्या गावाच्या हद्दीत उत्खनन होते, तेथील स्वराज्य संस्थेच्या पदरात त्यातले किती आणि कोणत्या वाटेने पडते, याचा हा विषय आहे. विकसनशील देशांत हे उत्पन्न बहुधा आधी वरच्या सरकारकडे जमा होते आणि मग खाली झिरपते.

कोल्हापूर जिल्ह्यात ही वाट स्पष्ट दिसते. शाहूवाडी, राधानगरी आणि चंदगड तालुक्यांतील सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, जांभ्याबरोबर बॉक्साइट हे अॅल्युमिनियमचे कच्चे खनिज सापडते. येथील बॉक्साइट बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्याला जात आले आहे. बॉक्साइट हे प्रमुख खनिज असल्याने १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाप्रमाणे त्याच्या स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, दर केंद्र ठरवते; वसुली राज्याची. धातूसाठी जाणाऱ्या बॉक्साइटचा दर २०१४ पासून त्यातील अ‍ॅल्युमिनियमच्या लंडनच्या धातू बाजारातील किमतीच्या ०.६० टक्के आहे. म्हणजे सड्यावरच्या मातीचे मोल लंडनच्या भावाबरोबर वर-खाली होते. असे हेलकावे खाणाऱ्या उत्पन्नावर शिक्षकांचे पगार किंवा नळयोजनेचे वीजबिल बांधता येत नाही.

काळा दगड, मुरूम, वाळू, वीटभट्टीची माती ही गौण खनिजे. त्यांचे दर राज्य ठरवते आणि मोजमाप ब्रासमध्ये होते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गावात हा विषय ‘रॉयल्टी भरल्याची पावती आहे का?’ एवढ्या प्रश्नात मावतो. पावती नसेल, तर तलाठी-मंडल अधिकारी पंचनामा करतात आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दंड असो वा रॉयल्टी, भरणा महसूल खात्याकडे. डंपरच्या चाकांनी उखडलेला रस्ता मात्र अनेकदा जिल्हा परिषदेचा असतो. खरी मेख इथे आहे : झीज स्थानिक, जमा राज्याची.

ग्रामपंचायतीच्या हाती स्वतःची म्हणावी अशी मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. गौण वनोपज त्यांत आहे, गौण खनिज नाही. आदिवासी भागांतील पंचायतींसाठीच्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत, म्हणजे घटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासीबहुल भागांत, गौण खनिजाच्या खाणपट्ट्यासाठी (उत्खननाच्या भाडेकरारासाठी) ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस आवश्यक केली, पण कोल्हापूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही.

खाण व खनिज अधिनियमाच्या २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणबाधितांसाठीचा जिल्हा पातळीवरचा न्यास, आले. प्रमुख खनिजांच्या १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्यांवर १० टक्के रक्कम पट्टेधारकाने रॉयल्टीखेरीज या निधीत भरायची असते. खर्च खाणबाधित भागांत, पाणी-आरोग्य-शिक्षण यांना प्राधान्य देऊन. पैसा जिल्ह्यात राहतो, ही जमेची बाजू. पण प्रतिष्ठान ही स्वराज्य संस्था नव्हे. त्याचा निधी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात तिचे स्वतःचे उत्पन्न म्हणून येत नाही. घरपट्टी भरणारा ग्रामसभेत उठून हिशेब मागतो. जो पैसा आपल्या खिशातून गेलेला दिसत नाही, त्याबद्दल तेवढ्या तावातावाने कोणी बोलत नाही.

इतर देशांनी वाटा थेट ठरवून पाहिला. नायजेरियाच्या १९९९ च्या राज्यघटनेत नैसर्गिक संसाधनांच्या महसुलातील किमान १३ टक्के उत्पादक राज्यांसाठी राखलेले आहेत. इंडोनेशियाने २००१ पासून तेलाच्या उत्पन्नातील १५ आणि वायूच्या उत्पन्नातील ३० टक्के प्रांत व जिल्ह्यांकडे वळवले. पेरूमध्ये खाण कंपन्यांकडून मिळणाऱ्या प्राप्तिकराचा निम्मा भाग ‘कॅनन’ म्हणून खाणप्रदेशांना जातो. तिथे धातूंचे भाव चढले तेव्हा लहान नगरपालिकांकडे इतका पैसा आला, की योजना आखायला अभियंते अपुरे पडले आणि निधी पडून राहिला. उलट, शेजारच्या खाण नसलेल्या गावांचे हात रितेच राहिले. नुसती टक्केवारी वाढवून काम भागत नाही, ते यामुळेच.

भारतात २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने ८ विरुद्ध १ मताने ठरवले, की रॉयल्टी हा कर नव्हे आणि खनिजयुक्त जमिनीवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. १४ ऑगस्टच्या आदेशाने १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी वसूल करण्याची मुभाही मिळाली. मात्र हा अधिकार राज्य विधिमंडळाचा आहे. सड्याखालच्या ग्रामपंचायतीला त्यातले काही मिळायचे, तर त्यासाठी राज्याने वेगळी तरतूद करावी लागेल.