नव्या गाण्याचा निकाल कोल्हापुरात कोण लावतं?

नवं मराठी गाणं यूट्यूबवर पडलं की रात्रीपर्यंत ते तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं आणि खाली निकाल लागतो: 'नाद खुळा', 'काटा किर्र', नाहीतर नुसताच अंगठा. मत झटपट आणि चारचौघांत द्यायचं, ही खोड कोल्हापूरला मोबाइलने लावलेली नाही. ती संगीत नाटकाइतकी तरी जुनी आहे.

शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ मध्ये सुरू झालं. त्या काळात नव्या पदाची चाल पसंत पडली की प्रेक्षक 'वन्स मोअर' मागत. नटाला पद पुन्हा, कधी कधी तिसऱ्यांदाही म्हणावं लागे आणि कथानक तोवर ताटकळत राही. नाटकं रात्रभर चालत, त्याचं एक कारण हेच. आजच्या प्रेक्षकाला हा छळ वाटेल. पण संगीतकाराला निकाल तिथल्या तिथे मिळायचा, आणि तोही तिकीट काढून आलेल्यांकडून.

देवल क्लबाची रीत निराळी. १८८३ पासूनच्या कोल्हापुरातल्या या गायनसंस्थेत बैठकीचा श्रोता घडला. कोल्हापूरचे दरबारगायक अल्लादिया खाँ अनवट, म्हणजे क्वचितच गायल्या जाणाऱ्या, रागांसाठी ओळखले जात. असा राग सुरू झाल्यावर नवखा श्रोता आधी शेजारच्या जाणकाराची मान हलते का ते बघत असणार! खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रण होऊ दिलं नाही, त्यामुळे त्यांच्या गाण्याबद्दल आपल्याकडे उरली ती ऐकणाऱ्यांची मतंच. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून थेट अंतराळात गेली.

तबकडीने जाणकाराची मक्तेदारी मोडली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून पद छाटावं लागे. पण ज्याला बैठकीचं आमंत्रण नव्हतं, तोही आता ते ऐकून नाक मुरडू शकत होता.

पुढचा बदल एकाच माणसात दिसतो. गोविंदराव टेंबे यांची हयात कोल्हापूरशी जोडलेली. १९११ च्या 'मानापमान'ला त्यांनी चाली दिल्या आणि ठुमरी-कजरीचं उत्तरेकडचं वळण रंगभूमीवर रुळलं. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. तिच्या १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाचं संगीत टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पडद्यावरच्या हरिश्चंद्राला वन्स मोअर देऊन उपयोग नव्हता. गाणं पुन्हा ऐकायचं तर पुन्हा तिकीट काढा, नाहीतर तबकडी विकत घ्या. माझ्या मते खरा फरक इथे पडला. ओरडून द्यायचं मत आता खिशातून द्यावं लागलं.

मग ते मोजलंही जाऊ लागलं. १९५२ च्या सुमारास माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळपास हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. बुधवारी रात्री आठला अमीन सायानी 'बिनाका गीतमाला'त गाण्यांचे क्रमांक सांगत. त्यामागे दुकानांतली तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची पत्रं असत. १९५७ मध्ये आकाशवाणीचीच विविध भारती आली आणि पोस्टकार्डावरच्या फर्माईशीला घरचा पत्ता मिळाला. कॅसेटने नवं गाणं स्वस्त केलं आणि पायरसीही. बाकी जुनंच पुढे चाललं.

आता यूट्यूबचा आकडा सगळ्यांसमोर असतो, पण कोल्हापुरात त्यावर अपील करता येतं. ते गणपतीच्या मिरवणुकीत चालतं. डॉल्बीवर लावलेल्या गाण्यावर पोरं नाचली नाहीत, तर ऑपरेटर पहिलं कडवं संपायच्या आत ते बदलतो. अर्थात तिथे चालीपेक्षा बेसचाच निकाल जास्त लागतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. त्या मर्यादेत वाजलेल्या गाण्यावर आमची तालीम मत द्यायला तयार होईल, असं काही वाटत नाही.